डिझेलच्या डब्याले लावलेलं कुंकू

बायांनो, आज मी एका मिस्तरीले तोंडावर लबाड म्हनून आली. ऐका मंग.

माह्या लेकाचा, गजाननचा, ट्रक सोयाबीन घेऊन जाताना मेडशीच्या चढावर दोनदा बंद पडला. असंच चाललं तं त्याले भाडं कोन देईन? म्हनून आज मीबी त्याच्यासंगं वाशीमच्या मिस्तरीकडे गेली. तो म्हने, "आजी, इंजिनात डिझेल किती सोडाचं ते ठरवनारं कंट्रोल मॉड्यूल गेलं. नवं टाका लागते."

मले काही पटलं नाही. शेजारनीच्या मिक्सरचं असंच झालं होतं, जुनीच मोटर पुसून नवी म्हनून बसवून देली. म्हनून मिस्तरी चहाले गेला तशी मी ट्रकमधल्या त्या मॉड्यूलच्या जुन्या डब्याले गुपचूप कुंकवाचं बोट लावलं.

दुपारी तो म्हने, "झालं काम." मी वाकून पाह्यलं तं डब्यावर कुंकू. म्हटलं, "काहून रे लबाडा, जुनाच बसवला ना?"

त्यानं टेबलाखालून जुना डब्बा काढून माह्या हातात देला. त्याच्यावरबी कुंकू. "आजी, नवा पार्ट मी कुंकू लावल्याबिगर बसवत नाही. पन या जुन्याची पूजा कोनं केली?"

गजानन तोंड फिरवून हासून राह्यला होता.

आता त्याचा फोन आला, भरला ट्रक एका दमात चढ चढला. मले लय आनंद झाला.

तरी जुना डब्बा मी पिशवीत घालून घरी आनला. मिस्तरीनं तोच कुंकू लावून, नवा म्हनून दुसऱ्याच्या गाडीत बसवला तं? तुमी आनता का नाही जुना पार्ट घरी?