कयाकमधला सोफा

त्या घरात माणसं तीन: सोफावाले, त्यांची बायको आणि बायकोची पाठ. मान सगळा तिसरीला. दारात आलेला पाहुणा चपला काढता काढता विचारायचा, "पाठ काय म्हणते?" नणंदेचा फोन आला तरी पहिली चौकशी पाठीची, मग उरल्यासुरल्या बाईची. शाळेची बस चालवून चालवून ती पाठ कामातून गेली होती, हे खरंच. पण बाई शाबूत होती, आणि चांगलीच तापलेली होती.

सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. नोकरी सुटली, नाव सुटलं नाही. तिच्या रोजच्या रस्त्यावर एक वळण होतं. तिथं झाडं संपून समोर एकदम समुद्र उघडायचा आणि पलीकडच्या खडकावर पांढरं दीपगृह दिसायचं. दिसतंय न दिसतंय तोच स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागे. सकाळी तेच, दुपारी तेच, मागे पोरांचा कलकलाट. हिने जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं. हिला त्या खडकावर पोचवायला मात्र कुणी येणार नव्हतं. म्हणून नोकरी सुटल्याबरोबर तिने किनाऱ्यावरच्या होड्यांच्या क्लबात नाव घातलं आणि कुणाची तरी जुनी कयाक विकत घेतली. समुद्रातली कयाक म्हणजे लांबलचक, अरुंद होडी, वरून बंद, मधोमध बसण्यापुरतं भोक. या कयाकच्या सीटची पाठ तुटलेली होती.

"बरं झालं, मोडकीला मोडकी भेटली," नणंद म्हणाली.

ड्रायव्हरबाई हसली नाही. नणंदेने तो विनोद आणखी चार घरी नेला, तिथं हसले.

क्लबाचे लोक मोसमातून एकदा दीपगृहापर्यंत वल्हवत जात. त्याआधी परीक्षा असे. कयाक पाण्यात मुद्दाम उलटी करायची, बाहेर निघायचं आणि कुणाचा हात न लागता परत आत बसायचं. जो बसेल तो जाईल. बाकीच्यांनी किनाऱ्यावर टॉवेल सांभाळायचे. ड्रायव्हरबाईला टॉवेल सांभाळायचे नव्हते.

प्रश्न आला पाठीच्या टेक्याचा. क्लबात शिकवणारी मुलगी वयाने हिच्या निम्मी, जीभ मात्र दुप्पट. तिला सगळे मास्तरीण म्हणत. मास्तरणीने सांगितलं, "काकू, टेका एकदम खाली हवा. नुसता कमरेशी एक पट्टा. वल्हं मारताना अंग वळलं पाहिजे. कयाकमध्ये बसायचं नसतं, ती अंगात घालायची असते."

हे ड्रायव्हरबाईने घरी सांगितलं आणि सोफावाल्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"पट्टा? तुझ्या पाठीला पट्टा? अगं, पट्टा पेटीला बांधतात!"

"अहो, ती शिकवते ना तिथं."

"वल्हवायला शिकवते. बसायला शिकवते का? बसणं हा माझा धंदा आहे."

धंदा होताच. त्यांच्या दुकानातल्या खुर्च्या अर्ध्या गावाच्या बुडाखाली होत्या. त्यांची पारखही ठरलेली. खुर्ची तयार झाली की दुपारी स्वतः तिच्यात बसायचं. डोळा लागला तर माल पास, नाही लागला तर भुसा बदला. कयाकसाठी त्यांनी खांद्यापर्यंत उंच टेका केला, मऊ, जाडजूड, वर मरून रेक्झिन आणि त्यात बटणांच्या खळ्या. दुकानात कयाक जमिनीवर ठेवून आत बसले आणि पाचच मिनिटांत घोरायला लागले.

खोटं कशाला बोला, तिलाही त्यात बरं वाटलं. त्या आठवड्यात पाठ ठणकत होती. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून तिने मान डोलावली.

परीक्षेच्या दिवशी किनाऱ्यावर नणंदही हजर, छत्री उघडून. मास्तरणीने कयाककडे पाहिलं आणि तिची भुवई वर गेली.

"काकू, दिवाणखाना घेऊन आलात?"

"माझ्या नवऱ्याने केलाय," ड्रायव्हरबाई ताठ मानेने म्हणाली. हे वाक्य तिला पुढे फार झोंबलं.

पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती जो रबरी झगा घालतात, तो भोकाच्या काठावर ताणून बसवावा लागतो. मागे हा सोफा उभा, झगा बसेचना. मास्तरीण म्हणाली, राहू दे, उथळ पाण्यात आहोत, उलटा. ती उलटली, बाहेर आली, खोकली, कयाक सरळ केली. मग मागच्या बाजूने तिच्यावर पालथी पडून सरकत पुढे आली आणि पाय आत घालायला गेली, तर टेका मध्ये भिंतीसारखा. लाइफ जॅकेटचा बंद त्याच्या बटणात अडकला. कयाक पुन्हा उलटली. पुन्हा चढली, या वेळी सरळ टेक्याच्या डोक्यावरच बसली, आणि पुन्हा पाण्यात. शेवटी मास्तरणीने हात देऊन तिला सोडवलं. हात लागला, म्हणजे नापास.

"पुढच्या रविवारी शेवटची संधी," मास्तरीण म्हणाली. "जे बसतील ते तिथूनच दीपगृहाकडे निघतील."

किनाऱ्यावरून नणंदेचा आवाज आला, "वहिनी, पाठ कशी आहे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या कपड्यांनिशी, कयाक गाडीवर बांधून, ती थेट दुकानात आली. सुट्टीचा दिवस, दुकान बंद, सोफावाले आत एकटेच. त्यांनी हसून विचारलं, "मग? झोप लागली का?"

"बसा," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुमच्या सोफ्यात."

तिने दोन गाद्या पसरल्या, त्यावर कयाक ओढली. सोफावाले गमतीने आत शिरले, पोट सांभाळत, ऐटीत टेकून बसले. आणि तिने दोन्ही हातांनी कयाक धरून पालथी केली.

आत अंधार, डोकं गादीवर, पाय कुठं ते कळेना. टेका पाठीत, पोट काठात. सुटायला धडपडले तर सदऱ्याची कॉलर स्वतःच्याच हाताने लावलेल्या बटणात गुंतली.

"अगं! अगं, सोड!"

"मी धरलंय कुठं? तुम्हीच केलेल्या टेक्याने धरलंय. निघा."

"गुदमरतोय मी!"

"गादीवर गुदमरताय. मी पाण्यात होते."

तिने कयाक अर्धी वळवली, म्हणजे ते आडवे झाले, तोंड लालभडक, केस विस्कटलेले. पण बाहेर काढलं नाही. वाकून, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन तिने विचारलं, "मला तिथं पोचू द्यायचंच नव्हतं ना तुम्हाला?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मास्तरीण पट्टा म्हणाली. मी पट्टा सांगितला. तुम्ही हा राजवाडा केलात. का?"

आडवा माणूस खोटं बोलायला जरा अवघडतो.

"वाटलं..." ते म्हणाले, "काठाकाठाने जराशी हिंडशील. आरामात बसशील. आणि घरी येशील."

"म्हणजे बागेतल्या बाकावर."

"तुझी पाठ..."

"पाठीचं नाव काढाल तर पुन्हा पालथी करीन! जन्मभर बस कंपनीने दिलेल्या सीटवर बसले. कुणी विचारलं नाही टोचतंय का. आता मी कुठं जायचं ते ठरवलं, तर घरातल्या घरात दुसरी सीट तयार! तीही मला न विचारता! झोप यायला मी तिथं जात नाही. जागी राहायला जाते."

मग तिने खिळे उपटायची पकड घेतली आणि मरून रेक्झिनचा टेका त्यांच्या पाठीमागून टराटरा उपटून काढला. सोफावाल्यांना तो आवाज अंगावरचं कातडं सोलल्यासारखा लागला.

पुढचा आठवडा त्या घरात फक्त हुकूम चालले. संध्याकाळी दुकानात ती कयाकमध्ये बसे आणि ते फोम कापायच्या सुरीने तुकडे तासत.

"इथं अजून."

"एवढं?"

"जास्त. कुल्ला हलतोय. बसमध्ये घसरणाऱ्या पोरासारखं वाटतंय."

सोफ्याखाली ताणतात त्या जाड पट्टीला फोम गुंडाळून त्यांनी कमरेच्या मापाचा टेका केला, जेमतेम तळहाताएवढा उंच. मांड्यांवर दाब यावा म्हणून वरच्या आवरणाला आतल्या बाजूने दोन छोट्या गाद्या चिकटवल्या. पायाचे टेके पुढे-मागे करून पाहिले. एकदा ते सवयीने म्हणाले, "यात कुणाला झोप लागायची नाही."

"लागू नयेच," ती म्हणाली, आणि त्यांना वाटलं ती हसली. हसली नव्हती.

रविवारी वारा होता. नणंद छत्री घेऊन आली, पण छत्रीच उलटी झाली, त्यामुळे थोडा वेळ तिचं तोंड बंद होतं. ड्रायव्हरबाई पाण्यात गेली, झगा काठावर चपखल बसवला आणि उलटली. बाहेर आली. कयाक सरळ केली, मागून चढली, पाय आत घातले, आणि लाटेने तिला पलीकडे फेकलं. किनाऱ्यावर कुणीतरी "अरेरे" म्हणालं. तिने तोंडातलं खारं पाणी थुंकलं आणि कुणाला उद्देशून माहीत नाही, पण एक शिवी दिली, जी शाळेच्या बसमध्ये जन्मात दिली नव्हती. पुन्हा चढली. पोट टेकून, सरपटत, आधी एक पाय, मग दुसरा, मग अंग फिरवून धपकन खाली. कुल्ले फोममध्ये घट्ट बसले, मांड्या वर टेकल्या. कयाक डुलली आणि तिच्याबरोबरच थांबली.

मास्तरणीने दोन्ही हात वर केले, म्हणजे मी हात लावलेला नाही, सगळ्यांनी बघा.

आतलं पाणी उपसून होईस्तोवर बाकीच्या कयाका निघाल्या होत्या. सोफावाले गुडघाभर पाण्यात उतरले. तोंड उघडलं, मिटलं, मग ओरडले, "अगं, टोचतंय का कुठं?"

"उजवीकडे!" ती ओरडली. "नीट तासता येत नाही तुम्हाला! आल्यावर बघते!"

आणि वल्हं मारलं. बसच्या त्या वळणावर स्टिअरिंग नेहमी डावीकडे जायचं. ती सरळ गेली.

नणंद मोडकी छत्री घेऊन भावाशेजारी आली. "दादा, वहिनी परत कधी येणार?"

"मला विचारून गेली का?" सोफावाले म्हणाले, आणि खिशातली फोम तासायची सुरी चाचपत तिथंच उभे राहिले.