ग्रहणात कापलेली सुरमई

वेसाव्याच्या मासळी बाजारात सगुणाच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. पापलेट दाबून दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती असं काही सुनवायची की बिचारा मुकाट सांगेल तो भाव देऊन जायचा. पण त्या जिभेचा खरा मार खाल्ला तो एकाच माणसानं. तिच्या नवऱ्यानं, तुळशीदासनं. तोही थोडीथोडकी नाही, बावीस-तेवीस वर्षं.

कारण विकी. एकुलता एक मुलगा. आज तिशीला टेकला, अंगानं धिप्पाड, पण समज पाच वर्षांच्या पोराची. शर्टाची बटणं आईनं लावायची, माशाचे काटे आईनंच काढायचे. हे असं का झालं, ते अख्ख्या कोळीवाड्याला पाठ होतं. पंचाण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं तेव्हा सगुणाला चौथा महिना होता. पोटुशीनं ग्रहणात कापायचं-चिरायचं नसतं, घरात गप बसायचं असतं. पण त्या सकाळी होडी भरून आलेली. तुळशीदास म्हणाला, माल सडेल, तू जा बाजारात. ती गेली आणि ग्रहण सुटेपर्यंत सुरमई कापत बसली.

विकी तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हापासून तिनं नवऱ्याला सुखाचा घास गिळू दिला नाही. बापानं चार सुरमयांपायी पोराचं डोकं विकलं, असं ती भर बाजारात म्हणायची. तो मान खाली घालून ऐकायचा. त्यानं मासे खाणं सोडलं. कोळ्यानं मासे सोडायचे म्हणजे काय, ते कोळ्यालाच विचारा! दर ग्रहणाला गळ्याइतक्या पाण्यात उभा राहायचा. चार वर्षांपूर्वी गेला बापडा.

गेल्या वर्षी गार्गी नावाची मुलगी घरी आली. माणसाच्या बुद्धीवर परिणाम करणारे जीन शोधायचं तिचं काम. तिनं सगुणाला समजावलं की बुद्धी काही एका जीनवर चालत नाही, शेकडो लागतात; पण कधी कधी त्यातला एकच बिघडला तरी सगळं अडतं, आणि असा बिघडलेला सापडायचा तर विकीसारख्यांच्या घरीच. सगुणानं आधी तिला उडवूनच लावलं. ग्रहणाचा दोष रक्तात कसा सापडणार? पण पोरगी चिवट. रोज यायची, विकीशी खेळायची. शेवटी सगुणा नरमली, विकीचं आणि स्वतःचं रक्त द्यायला तयार झाली.

फॉर्म भरताना गार्गीनं माहेरचं विचारलं. तिकडे सगळे धडधाकट, सगुणा म्हणाली. फक्त भाऊ लवू जरा भोळा, पण तो लहानपणी होडीतून डोक्यावर पडलेला. गार्गीचं पेन थांबलं. मग सगुणाच्या माहेरी मढला जाऊन तिनं लवूचंही रक्त घेतलं.

निकाल सांगायला ती स्वतः आली. विकीच्या आणि लवूच्या रक्तात तोच एक जीन बिघडलेला होता. सगुणाच्याही रक्तात होता, पण बाईला त्याची जोडी असते, त्यातला दुसरा धड होता, म्हणून तिचं निभावलं होतं. लवूचंही डोक्यावर पडण्यानं काही झालेलं नव्हतं.

सगुणानं हळूच विचारलं, "आमच्या यांचं काहीच नव्हतं का गं यात?"

"काहीच नाही, मावशी. हा जीन मुलाला बापाकडून येतच नाही. ग्रहणाचाही संबंध नाही. यात कुणाचाच दोष नाही."

हे ऐकून माणसं हलकी होतात, असा गार्गीचा अनुभव होता. पण नवऱ्याच्या मयताला न रडलेली सगुणा त्या दिवशी ऊर फुटेस्तोवर रडली.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिनं एकेकीला धरून सांगितलं, त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे माझ्या माहेरचं होतं. बायका म्हणाल्या, जाऊ दे गं, गेला ना आता तो. त्यांचंही खरंच. पण सगुणाला शेवटची दुपार आठवत होती. दवाखान्यात तुळशीदासनं तिचा हात धरला होता, म्हणाला होता, एकदाच म्हण, माफ केलं.

"विकीला विचार," असं म्हणून तिनं हात सोडवून घेतला होता.

आणि तो भाबडा माणूस खरंच खाटेपाशी बसलेल्या विकीकडे वळला, दोन्ही हात जोडून. विकीला काय कळणार? तो बापाकडे बघून हसला आणि त्यानंही हात जोडले.