पिवळ्याखालच्या फुल्या

माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, सपाट जमिनीवरही उंबरा ओलांडल्यासारखे चालतात. स्वयंपाकघराच्या दारात एक लांब ढांग, न्हाणीघरापाशी दुसरी. मी पुष्कळ चिडवलं. "काय हो, खाली साप आहे का?" ते नुसते हसायचे.

भाऊजी रंगारी. भर समुद्रात तेल आणि वायू काढायचा प्लॅटफॉर्म उभा आहे, तिथे ते पंधरवडाभर राहतात, मग पंधरवडाभर घरी. प्लॅटफॉर्म बांधून झाला तेव्हा माझा मुलगा शाळेत होता. तेल काढायची मंजुरी मात्र भिजत घोंगडं. एका खात्याची परवानगी येईपर्यंत दुसऱ्याच्या परवानगीची मुदत संपायची, तिसऱ्याचा साहेब बदलायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात; इथे पोराला मिशा फुटल्या.

समुद्र काही कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. चालायच्या वाटेवर तिथे लोखंडी जाळ्या असतात आणि त्यांच्याखाली थेट पाणी. खाऱ्या वाऱ्यानं त्या सडू लागल्या. भाऊजींनी नव्या मागितल्या की उत्तर ठरलेलं: मंजुरी आली की सगळं नवंच बसवायचंय, आता कशाला खर्च? मग त्यांनी आपला उपाय काढला. जी जाळी सडली, तिच्यावर लाल रंगाची फुली. फुली दिसली की तिथली माणसं लांब ढांग टाकायची. तीच सवय त्यांच्या पायांबरोबर घरी आली.

मला त्या फुल्यांचं काय पडलं होतं? मला मंजुरी हवी होती. माझ्या मुलाला तिथली नोकरी कबूल झाली होती, पण रुजू व्हायचं ते मंजुरीनंतर. तो कपाटातला कोरा गणवेश काढून बघायचा आणि परत ठेवायचा. मी टोमणे मारायची भाऊजींना, जशी काही सही त्यांनीच अडवली होती.

गेल्या आठवड्यात मंजुरी आली. मुंगीच्या पावलानं चाललेलं काम एकदम धावत सुटलं. उद्घाटनाला पाहुणे येणार, मुलाला बोलावणं आलं. माझा जीव भांड्यात पडला.

काल दुपारी भाऊजी घरी आले. नखांत पिवळा रंग होता आणि घास काही तोंडात जात नव्हता.

"नव्या जाळ्या बसल्या का?" मी विचारलं.

"रंग आला, वहिनी. जाळ्या मागाहून येणार आहेत."

"मग रंग कशाला?"

"पाहुण्यांना गंज दिसायला नको. साहेब म्हणाले, सगळं पिवळं करा."

"आणि फुल्या?"

"त्यांच्यावरही मीच पिवळा मारला. बोललो होतो साहेबांशी. म्हणाले, पाहुणे जाऊ देत, मग बघू."

"जागा तरी आठवतात ना सगळ्या?"

"बऱ्याचशा."

मला त्यांचा संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. मुलाला म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, "आई, पहिल्याच दिवशी गेलो नाही तर माझी जागा दुसऱ्याला देतील. काका, तुम्ही सांगा, मी ध्यानात ठेवतो." काका सांगायला बसले. "जिन्याजवळची दुसरी. नाही, थांब. तिसरी असेल."

आज सकाळी मुलाला धक्क्यावर सोडायला निघताना भाऊजींनी लाल रंगाचा लहान डबा घेतला. "ह्याच्या पिशवीत टाकतो, वहिनी. पोचल्याबरोबर आठवतील त्या जागांवर फुल्या मारेल." मुलगा नवे बूट घालून पुढे निघाला. आयुष्यभर ज्याला भरभर चाल म्हणून ओरडले, त्याला मी दारातून सांगितलं, हळू चाल.

दुपारी भाऊजी एकटे परतले. डबा त्यांच्या हातातच होता.

"हा का परत आणलात?"

"धक्क्यावर पिशव्या तपासल्या. रंग न्यायला परवानगी लागते म्हणे. अर्ज देऊन आलोय."

"आणि पोर?"

भाऊजी आत आले, पण दारात त्यांनी ढांग टाकली नाही. तिथेच खाली बसले.

"बोट वेळेवर सुटली, वहिनी."