नानाजींचं बीपी आणि बाकीचा लॉट

दवाखान्यात उभ्या-उभ्या अठ्ठावीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पायांत येतात. एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्यामागे केसपेपर धरून उभाच. खोकल्याचे आहेत, खरजेचे आहेत, कापलेल्या बोटांचे तर विचारूच नका. पण सगळ्यांत जास्त बीपीचे. बाकीचं दुखणं दिसतं नाहीतर दुखतं. बीपी दिसतही नाही, दुखतही नाही, म्हणून जो तो त्याचा आपापला अर्थ लावतो आणि वर मलाच शिकवतो.

मी डॉक्टर नाही. जबलपूरला एका फॅक्टरीच्या दवाखान्यात आया म्हणून लागले तेव्हा चौथी पास होते. इंग्रजी शिकले औषधांच्या खोक्यांवरून, आणि पाऱ्याचं बीपी मशीन शिकले डॉक्टरसाहेबांच्या मागे उभी राहून. एकदा नर्स रजेवर होती तेव्हा मी मोजलं. साहेबांनी विश्वास न ठेवता पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. त्या दिवसापासून मशीन माझ्याकडे.

हे सगळं एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांतलं. बारा-बारा तासांच्या शिफ्टा, खिडक्यांना काळे कागद, आणि कोणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता. माझाही नाही.

*

आमच्या फॅक्टरीत तोफेचे गोळे बनत. एका सेक्शनमध्ये एक जण चक्कर येऊन पडला, तेव्हा साहेबांनी हुकूम काढला की त्या सेक्शनमधल्या चाळिशीवरच्या सगळ्यांचं बीपी मोजायचं. शेचाळीस माणसं होती. मी मशीन मांडून बसले.

आले दोघं. दोघेही आखाड्यातले, मानेपेक्षा दंड जाड, चाळिशीला अजून दहा वर्षं. हातात चिठ्ठी. 'लॉट ४६. नमुना २ नग. नमुना पास झाल्यास बाकीचा लॉट पास समजावा.' खाली सही नानाजींची, त्या सेक्शनच्या चार्जमनची, म्हणजे मुकादमाची.

गोळ्यांचं तसंच असतं. लॉटमधले थोडे काढून तपासतात, ते ठीक निघाले की सगळा लॉट पुढे. नानाजींनी आयुष्यभर तेच केलेलं. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की हा माणूस स्वतःचं मोजायला घाबरून राहिला आहे. मशीन बगलेत मारलं आणि जेवणाच्या सुट्टीत सेक्शनच्या बाकावर जाऊन बसले.

"नानाजी, माणसं म्हणजे काय गोळे आहेत?"

"गोळे असते तर बरं होतं, बाई. गोळा रजा मागत नाही."

"हात द्या."

चार माणसांसमोर नाही म्हणता येईना. दिला. वरचं दोनशे दहा, खालचं एकशे वीस. मी त्यांच्या कानाशी सांगितलं. नानाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"टॉलरन्स किती असतो ह्याच्यात?"

म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा किती कमी-जास्त खपवून घेतात. म्हटलं, "किती होता ते मेल्यावर कळतं."

*

मग रक्तदानाचा कॅम्प लागला. जवानांसाठी होता, लोकांची ही रांग. मी प्रत्येकाचं बीपी बघत होते, जास्त असेल त्याला परत पाठवत होते. तिवारी फिटरचं भलतंच निघालं. मी म्हटलं, "भैया, आप नहीं दे सकते."

तिवारी उखडला. "काहे नहीं दे सकते? जिनका कम है उनका ले रही हो, और मेरा बढ़ा हुआ है तो मना कर रही हो?"

पंधरा मिनिटं समजावलं की बीपी वाढणं म्हणजे रक्त वाढणं नाही. नळी तीच, पाणी तेवढंच, फक्त आतला जोर वाढलाय. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मागच्या रांगेकडे वळून म्हणाला, "देख लो भाई, टंकी ओवरफ्लो हो रही है और दीदी नल नहीं खोल रहीं."

त्याच्यामागे बीपीवाले आणखी सहा उभे होते. सगळे रक्त कमी करून घ्यायला आलेले.

*

नानाजींचा कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. दोनशे दहाचे एकशे साठ लिहायला सांगणारे भेटले, पण मी खोटा आकडा लिहीत नाही, बापाचा असला तरी. नियमाप्रमाणे नानाजींना तोफगोळ्यांच्या सेक्शनमधून काढून स्टोअरमध्ये बसवायला पाहिजे होतं. साहेबांनी कागद पेपरवेटखाली सरकवला. बदली माणूस नव्हता. मला म्हणाले, "त्यांना गोळी खायला लावा, तेवढं तुम्हीच करू शकता."

बीपीच्या गोळ्यांची पुडी मी दिलेलीच होती. रोज दुपारी जाऊन विचारायचे. रोज नानाजी मान हलवायचे, आणि ती मान हो म्हणते की नाही, ते समजायचं नाही. एक दिवस मी त्यांच्या डब्यासमोरच ठाण मांडलं. डब्यात त्यांच्या बायकोनं दिलेली अळणी भाजी, आणि शेजारी वाटीभर लिंबाचं लोणचं.

"मीठ बंद सांगितलं होतं."

"बंदच आहे. हे लोणचं आहे."

"अन् गोळी?"

नानाजींनी डबा बंद केला. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता तोफखान्यात होता, पश्चिमेच्या सीमेवर. लढाई लागल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. हे सगळ्या फॅक्टरीला माहीत होतं. पण पुढचं मला त्या दिवशी कळलं.

"बाई, तुम्ही ह्याला बीपी म्हणून राहिल्या. हा पहारा आहे. पोरगा तिकडे जागून राहिला, मी इकडे. तुमची गोळी घेतली, निवांत झोपलो, अन् नेमकं त्याच टायमाला तिकडे काही झालं तर?"

"काहून हो, तुमच्या नसा काय त्याच्या तोफेला जोडल्या आहेत?"

"जोडल्याच आहेत ना. माझाच गोळा तर डागून राहिला तो."

मी तोंडाची फटकळ. पण त्या दिवशी उठले आणि जाता-जाता एवढंच बोलले, "उद्या एका बाजूनं पडलात तर पहारा कोण देणार?"  रात्रभर मी कुशी बदलत राहिले. राग त्यांचा येत होता की माझा, ठरेना.

*

दवाखान्यात कामगारांचे घरचेही यायचे. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातून एक सासूबाई यायच्या, सुनेला घेऊन. दर खेपेला खुर्चीत बसायच्या आधी जाहीर करायच्या, "माझं बीपी हिच्यामुळे आहे. ही तोंड उघडते अन् माझं चढते."

सून बिचारी कोपऱ्यात उभी. तोंड उघडताना मी तिला पाहिलंच नव्हतं.

सासूबाईंचं मोजलं. एकशे तीस-ऐंशी. त्यांना पटेना. "पुन्हा मोजा. घरी नक्की जास्त असते." पुन्हा तेच. मग मी सुनेला म्हटलं, "ये गं, बस." एकशे ऐंशी-एकशे दहा.

सासूबाईंनी आकडा विचारला. मी सांगितला. त्यांनी सुनेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पाहिलं? माझं सगळं हिनं घेतलं."

*

बॉयलरवरचा बिसेन शांत माणूस. त्याचं एकशे शहात्तर होतं. गोळी दिली तर म्हणतो, "दीदी, मेरे बॉयलर के मीटर पे लाल लकीर है. काँटा उधर गया तो ख़तरा. आपके मीटर पे लकीर किधर है?"

खरंच नव्हती. पाऱ्याची नळी आणि बाजूला आकडे, बस. म्हटलं, "लकीर माझ्या डोक्यात आहे."

त्याला ते चुकीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ड्रेसिंग करत होते तेवढ्यात येऊन गेला. मशीन उघडून पाहते तर बारीक ब्रशनं, काय सफाईदार, लाल रेघ ओढलेली. एकशे ऐंशीवर.

*

आणि मग युद्धबंदी झाली. गावातल्या कमानिया गेटपाशी पेढे वाटले, फॅक्टरीचा भोंगा उगाच पाच मिनिटं वाजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं दार उघडते तर ही रांग. मला वाटलं, नाचून-नाचून पाय मुरगळले असतील.

पहिला तिवारी. टेबलावर गोळ्यांची पुडी ठेवली, वर एक छापील स्लिप. फॅक्टरीत काम संपलं की उरलेला माल स्लिप भरून स्टोअरला परत करायचा असतो. स्लिपवर लिहिलं होतं, 'काम पूर्ण. उरलेला माल परत.'

"काय आहे हे?"

"लड़ाई ख़तम, टेंशन ख़तम. अब गोली का क्या करना, दीदी? सरकारी माल है."

एकामागून एक. स्लिपा अगदी बरोबर भरलेल्या, चूक काढायला जागा नाही. मी ओरडले, की अरे, बीपीला युद्धबंदी कळत नाही. बिसेन म्हणाला, "रेडियो पे तो आ गया है."

शेवटी नानाजी. त्यांनी स्लिप आणली नव्हती. पुडी टेबलावर ठेवली. मी दिली तशीच, दोरासुद्धा सुटलेला नाही.

"एकही नाही?"

"पत्र नाही आलं अजून."

मी पुडी त्यांच्या हातात पुन्हा कोंबली. "परत घेणार नाही. सरकारी माल गेला खड्ड्यात."

*

पत्र महिन्याभरानं आलं. चार ओळी. खुशाल आहे, रजेवर येतो. नानाजी पत्र घेऊन दवाखान्यात आले, मी विचारायच्या आधीच त्यांनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, "आता तरी घ्या." ते म्हणाले, "आता लागणारच नाही. पोरगा घरी आला की मी स्वतः हात पुढे करतो. तेव्हा चढलेलं निघालं तर तुमची गोळी, तुम्ही म्हणाल तितके दिवस."

"जन्मभर घ्यावी लागेल."

"जन्मभर. शब्द आहे."

वसंता आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघं हजर. थंडीचे दिवस, पोराच्या डोक्याला मफलर. उंच झालेला, वाळलेला. मी विचारलं, "कधी आलास रे?" तर नुसता हसला. बापाच्या मागे, खुर्चीच्या डावीकडे उभा राहिला.

नानाजी बाही वर करून ऐटीत बसले. "मोजा. मोठ्यानं सांगा."

मी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. ऐकलं. पुन्हा भरली. हात बदलला. दोनशे वीस, एकशे चोवीस. लढाईत होतं त्याच्याही वर.

मी मोठ्यानं सांगितलं. मनात म्हटलं, घ्या, आता तरी बीपी म्हणजे काय ते कळेल. पहारा नाही, पत्र नाही, पोरगा नाही. नळीतला जोर आहे, बाकी काही नाही. मी गोळ्यांच्या बरणीला हातही लावला.

नानाजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पट्टा दंडावर तसाच. खुर्चीत पूर्ण मागे वळले.

"वसंता, काय लपवून राहिला रे तू माझ्यापासून?"

पोरानं ऐकलंच नाही. काळ्या कागदांचे तुकडे अजून चिकटलेल्या खिडकीकडे तो बघत होता. नानाजींनी त्याची बाही ओढली आणि तेच पुन्हा विचारलं. मग तो वाकला, उजवा कान बापाच्या तोंडाशी आणला.

"डाव्यानं काही ऐकू येत नाही, बाबा. तोफेजवळ होतो. उजव्यानं येते थोडं."

  नानाजींनी पट्टा स्वतःच सोडला, नीट घडी करून मशीनवर ठेवला. उठले, खुर्चीला वळसा घालून पोराच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि माझ्यापुढे हात पसरला.

"द्या गोळी. अन् कशी घ्यायची ते जोरात सांगा, बाई. ह्यालाही ऐकू गेलं पाहिजे."