चोरलेले पेरू आणि चांगल्या मुलीचे पुस्तक

बेळगावात आमच्या प्रार्थनामंदिराला लागून एक खोली होती. तिच्यात दोन कपाटे, एक लांब बाक आणि भिंतीवर पवित्र भूमीचा जुना नकाशा होता. या खोलीला आम्ही वाचनालय म्हणत असू. शाळेची नोकरी सांभाळून ते पाहण्याचे काम माझ्याकडे आले होते. कोणत्या ख्रिस्ती घरात कोणते पुस्तक जावे, मुलांनी काय वाचावे आणि आयांनी त्यांना काय वाचून दाखवावे, हे मी ठरवीत असे. त्या वेळी माझी तिशीही पुरती उलटली नव्हती. आज पन्नाशीच्या पुढे आल्यावर वाटते, की हे काम मी फार सहजपणे पत्करले.

मुलांची पुस्तके बहुतेक विलायती गोष्टींची भाषांतरे असत. त्यांत एक गुणी मुलगी असे आणि तिचा एक खोडकर भाऊ. भाऊ फळे चोरी, खोटे बोले. बहीण आजारी पडे, आपली बाहुली एखाद्या गरीब मुलीला देऊन टाकी, आणि शेवटच्या पानावर ‘प्रभूत झोपी’ जाई. भाऊ तिच्या उशाशी बसून रडे, सुधारे, आणि मोठेपणी धर्मोपदेशक होई. मला ही पुस्तके मनापासून आवडत. मोठ्याने वाचताना अखेरच्या पानाशी माझा आवाज कापे आणि ऐकणाऱ्या बाया पदराने डोळे पुसत. तो कंप श्रद्धेचा आहे असे मी समजत असे. ऐकणारे रडले याचे समाधानही त्यात होते, हे मी तेव्हा स्वतःशी कबूल केले नव्हते.

‘झोपी जाणे’ हा शब्द आमच्या ख्रिस्ती मंडळीत रुळलेला. आपले माणूस ‘मेले’ असे आम्ही सहसा म्हणत नाही. तो शब्द लहानपणापासून इतका कानांवरून गेलेला असतो, की त्यात झोप आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

महिन्यातून एका शनिवारी पुस्तकांची पिशवी घेऊन मी मोटारीने निपाणीला जाई. तेथे आमच्या मंडळीची थोडी घरे होती. त्यांपैकी एका घरात आई आणि मुलगी अशा दोघीच राहत. बाप मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला होता. आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जाई. त्या घरातल्या पाण्याच्या तांब्यालाही तंबाखूचा उग्र वास येई. मुलगी सात-आठ वर्षांची, शाळेत पहिले पुस्तक वाचून झालेली. एका पावसाळ्यात तिला खोकला जडला आणि ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी छातीचा क्षय सांगितला. आई वखारीत गेली की पोर दिवसभर एकटी, म्हणून मी तिच्यासाठी गुणी मुलीचे एक पुस्तक नेले. माझ्या दृष्टीने त्या घराला याहून योग्य पुस्तक दुसरे नव्हते.

मी वाचीत होतो आणि ती भिंतीला टेकून ऐकत होती.

“सफरचंद म्हंजे काय वो, मास्तर?”

“एक फळ. आपल्या पेरूसारखे.”

“आन् त्यो भाऊ त्ये चोरतोय?”

“हो. तो वाईट मुलगा आहे.”

“चोरलं त्यानं, मग खोकला तिला कशापायी?”

“देवाला ती फार आवडली,” मी म्हणालो.

तिला पटले असे मी धरले, आणि पुढच्या खेपेस त्याच वळणाची आणखी दोन पुस्तके दिली.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा आई दारातच उभी होती.

“मास्तर, पोरगी बिघडली माझी. तुमची पुस्तकं वाचाय लागली तवा कशी साखरंवानी हुती. आता प्रार्थनेला बस म्हटलं तर तोंड फिरवती. काल मला सटवी म्हणाली.”

मुख्य तक्रार पुढे होती. शेजारणीच्या पेरूची एक फांदी यांच्या परसात येई. ज्या पोरीला तांब्या उचलत नव्हता, ती आई कामाला गेल्यावर भिंतीला धरून परसात जाई आणि पेरू तोडून उशीखाली लपवी. घरात वास सुटला तेव्हा आईने अंथरूण उचलले. खाली सगळे पेरू सडून गेले होते.

“खायाला चोरलं आसतं तर मी बोलली नसती वो. पन एकाला बी दात लावल्याला न्हाय. शेजारीन म्हनती, ‘तुमच्या किरिस्तावाच्या देवानं हेच शिकवलं व्हय गं?’ आन् झोपत न्हाय बगा. डोळा लागला की आपला आपुन चिमटा काढून घेती, उठून बसती, आन् मग खोकत ऱ्हाती. पाळकसाहेब म्हनले, तिचं मन कठीण झालंय. एखांदं पुस्तक द्या तिला, मन वळंल आसं.”

माझ्या पिशवीत तसे पुस्तक होते. ते हातात घेऊनच मी आत गेलो.

मुलीने पुस्तकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिचे दंड चिमट्यांनी काळेनिळे झाले होते.

“ह्यात कोन झोपतंय? चांगली का वाईट?”

मी पुस्तक पाठीमागे धरले.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “चांगलीच झोपती. चोरतंय त्ये जगतंय, मोठं हुतंय. मी चोरलंय. आन् मी झोपत बी न्हाय.”

दाराशी तिच्या आईने तोंडाला पदर लावला. मी समजावू लागलो. शरीर झोपते म्हणजे काय, आत्मा कोठे जातो, शेवटच्या दिवशी प्रभू कसे उठवील, हे सारे मी बोललो. पण माझे प्रत्येक वाक्य फिरून झोपेशीच येऊन थांबत होते, आणि दर वेळी ती आणखी ताठ बसत होती. शेवटी ती आईला म्हणाली, “आये, मास्तरांस्नी चा दे आन् घालव.”

आईने मला परसात नेले. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“तुमच्या कपाटात एक तरी पुस्तक हाय का, चांगली पोरगी मोठी झाल्याली? लगीन झाल्याली, पोरंबाळं झाल्याली, सासूसंगं भांडल्याली?”

“पाहतो, आक्का,” मी म्हणालो.

“बगा. ती मरनार हाय त्ये मला कळतंय. पन जागी ऱ्हाऊन ऱ्हाऊन मरू ने वो. तेवढं तरी झोपू दे तिला.”

बेळगावास परतून मी दोन्ही कपाटे उपसली. जी पुस्तके मी वर्षानुवर्षे घराघरांत दिली होती, त्यांची शेवटची पाने एकामागून एक उघडून पाहिली. चांगली मुले मोठी झालेली आढळली, पण ते सारे मुलगे होते. चांगल्या मुली सगळ्या झोपी गेल्या होत्या. एकच पुस्तक त्यातल्या त्यात बरे निघाले. त्यातली मुलगी आईबापांना मदत करी, शेळ्या राखी, आणि केवळ अखेरच्या प्रकरणात आजारी पडे. त्याच्या आधीच्या प्रकरणाच्या शेवटी ती कुंपणाच्या भिंतीवर बसून शेळ्यांना हाक मारत होती. तेवढे ठेवून पुढची पाने मी शिसपेन्सिलीला टोक काढायच्या पात्याने कापली. पुस्तक मंडळीचे होते आणि मी कोणाला विचारले नाही. हे फसवणे आहे की नाही, हा विचार मी पात्याखालचे शेवटचे पान सुटेपर्यंत दूर ठेवला. तो विचार अद्याप माझ्याजवळ आहे.

महिना न थांबता मी पुढच्याच शनिवारी निपाणीला गेलो. वाचून झाल्यावर मुलीने विचारले, “पुढं?”

“पुढची पाने नाहीत.”

तिने कापलेल्या कडेवरून बोट फिरवले. “उंदरानं खाल्ली?”

मी उरलेली पाने सारखी केली.

“मंग ती आजून भिंतीवरच हाय.”

“हो.”

“शेरडं आली का न्हाईत?”

“अजून हाका मारते आहे.”

“परत वाचा.”

मी पुन्हा वाचले. या वेळी माझा आवाज कापत नव्हता, कारण कापण्यासारखे त्यात काही उरले नव्हते. तिसऱ्यांदा वाचताना भर दुपारी तिचे डोळे मिटले. तिने चिमटा काढला नाही. आई दाराशीच खाली बसली आणि पोर जागी होईपर्यंत तिने मला उठू दिले नाही.

त्यानंतर मुलगी झोपू लागली. झोपेत शेरडांना हाका मारते, असे आई सांगे. पेरू तिने पुन्हा तोडले नाहीत. मात्र प्रार्थनेकडेही ती वळली नाही, आणि आम्ही दोघांनी तिला वळवले नाही. आईला ते अखेरपर्यंत सलत होते, आणि मलाही.

संक्रांतीच्या सुमारास ती गेली. पुरतेवेळी पाळकसाहेबांनी सुरुवात केली, “आपली ही लहान भगिनी प्रभूत झोपी...”

“न्हाय, साहेब,” आई म्हणाली. “मेली म्हना.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

“झोप तिला मागनं लागली. चांगली लागली. त्ये मी बगितलंय, आन् ह्ये बी बगितलंय. दोन्ही एक न्हवं. माझी पोरगी मेली.”

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. शब्दांच्या बाबतीत ते कधी कधी माझा सल्ला घेत. मी मान खाली घातली. मग ते हळू आवाजात म्हणाले, “ही मुलगी मेली आहे, आणि प्रभू तिला उठवील.” त्या मंडळीत इतके उघडे वाक्य मी तोवर ऐकले नव्हते.

मोटारीची वेळ झाली तेव्हा आईने पुस्तक आणून दिले.

“ह्ये तुमीच कापलं न्हवं? उंदराचं दात आसं सरळ नसत्यात.”

“हो, आक्का.”

“ती बी मेली हुती?”

“हो.”

“मला वाटलंच,” ती म्हणाली. ती रागावली होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तिने पुस्तकावर एक पिकलेला पेरू ठेवला. “शेजारणीनं दिल्यात, टोपलंभर. चोरल्यालं न्हाईत. खावा. माझ्या पोरीनं एक बी खाल्ला न्हाय.”