पायगोंडा मास्तरांची लावण

पायगोंडा मास्तर बरोबर चालत असले की तुमच्याकडे कधी बघत नसत. नजर समोर, हात सैल आणि पाठ ताठ. पण तुम्ही थांबलात की तेही त्याच क्षणी थांबलेले असत. एकदा बाजारातून येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी काही न बोलता खाली वाकलो. मान वर केली, तर ते माझ्या शेजारी जिथल्या तिथे उभे होते, समोर बघत. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, शेजारच्याला बगायचं नसतंय. बगितलं की चुकतंय. नुसतं जाणायचं असतंय."

लढाईचे दिवस होते. मी बेळगावहून बी. ए. होऊन निपाणीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो होतो. गावात ओळख कुणाची नव्हती. तंबाखूच्या एका वखारीला लागून दोन खोल्या होत्या. त्यातली एक मला मिळाली आणि दुसरीत आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर पायगोंडा राहत होते. वखार त्यांच्याच थोरल्या भावाची, आप्पांची. आप्पांचं घर बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या मागे, दहा मिनिटांच्या वाटेवर. भावाचं एवढं मोठं घर असताना हा माणूस तंबाखूच्या उग्र वासात एकटा का राहतो, हे कोडं फार दिवस टिकलं नाही. आठवडाभरातच शाळेच्या शिपायानं आवाज खाली करून सांगितलं, "नाच्या हाय त्यो. कंपनीत नाचत हुता."

पायगोंडा मास्तरांनी स्वतःची हकीकत मला एका बैठकीत कधी सांगितली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. वेदगंगेच्या काठी घरची तंबाखूची शेती होती. वडील लवकर गेले. धाकटा हुशार म्हणून आप्पांनी त्याला पुण्याला कॉलेजात घातलं. तिथे एका संध्याकाळी मित्रांबरोबर ते एका बॅले कंपनीचा खेळ बघायला गेले. नाच म्हणजे देवादिकांच्या कथा किंवा तमाशा, एवढंच त्यांना ठाऊक. या खेळात मुकुट नव्हते, राजा-राणी नव्हती. साध्या धोतरातली, लुगड्यातली माणसं होती आणि ती गिरणीत काम करत होती, रस्त्यावर भांडत होती, गाडीची वाट बघत होती. "मला वाटलं, ह्ये तर आपलंच हाय की," ते म्हणाले, "आणि ह्येचा नाच हुतोय, ह्ये आजवर कुणी सांगितलंच न्हवतं." परीक्षा जवळ आली होती. ते कंपनीबरोबर निघून गेले.

लाहोर, रंगून, कोलंबो, मद्रास, सगळीकडे ते नाचले. कंपनीत आणखी पाच नाचणारे होते. कुणी बंगालचं, कुणी मलबारचं. पायगोंडा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, आणि खेळ तर संध्याकाळचे. त्यामुळे कमला नावाची बंगाली मुलगी कुठल्याही गावात आधी यांच्या ताटाची सोय लावायची आणि मग स्वतःच्या पायाला घुंगरू बांधायची. मलबारचा राघवन यांच्या शेजारी नाचायचा. त्याला मराठी येत नव्हतं, यांना मल्याळम येत नव्हतं. "लई बोलायचो आमी," पायगोंडा मास्तर म्हणायचे, आणि त्यात त्यांना काही विचित्र वाटत नसे.

लढाई आली आणि कंपनी कलकत्त्यात मोडली. जो तो आपापल्या गावाला गेला. पायगोंडा निपाणीला आले तेव्हा आई जाऊन वर्ष लोटलं होतं. आप्पांनी त्यांना टाकलं नाही. शाळेत शब्द घालून नोकरी लावून दिली, वखारीतली खोली दिली, दोन्ही वेळचा डबा पाठवला. पण घरात लग्नाची मुलगी होती आणि स्थळं घेऊन येणारी माणसं काकाची चौकशी करत. घरात राहू नको, असं आप्पा स्पष्ट कधी म्हणाले नाहीत. पायगोंडा मास्तरांनीही विचारलं नाही. दोघे भाऊ एकमेकांशी कानडीत बोलत, आणि ते बोलणं बहुतेक हवापाण्याचं असे.

शाळेत मात्र त्यांचं ड्रिल बघण्यासारखं असे. ते शिट्टी वापरत नसत. पोरांना रांगेत उभं करून डोळे मिटायला सांगत आणि म्हणत, "शेजाऱ्याचा श्वास ऐका. त्येनं घेतला की तुमी घ्या." सुरुवातीला खीखी हसणं व्हायचं. मग मैदानावर असा एक क्षण यायचा की सगळी रांग एकदम हात वर करायची, कुणी आज्ञा न देता. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा चांगला दिला. तरी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या बाकावर सहसा कुणी बसत नसे. मी बसायचो. काही थोर मनानं नव्हे. मलाही दुसरं कुणी नव्हतं.

बंगालात दुष्काळ पडला तेव्हा मदतीसाठी गावोगाव कार्यक्रम होऊ लागले. बेळगावच्या काही मंडळींना माझ्याकडूनच पायगोंडा मास्तरांबद्दल कळलं होतं. त्यांनी निरोप धाडला, की तुमच्या कंपनीचा तो नव्या नाचांचा कार्यक्रम आमच्या थिएटरात करा. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खोलीत भराभर फेऱ्या मारताना पाहिलं. ते म्हणाले, बंगालचं काम आहे, कमला येणारच. कमला आली की राघवन येतो. मग बाकीचे कशाला मागे राहतात? त्यांनी पाचही जणांना कळवलं. पहाटे उठून वखारीच्या मोकळ्या भागात, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, ते सराव करू लागले. भिंतीपलीकडून मला त्यांच्या टाचांचा आवाज येई. मध्येच तो थांबे, काही वेळ काहीच ऐकू येत नसे आणि पुन्हा सुरू होई. त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

आप्पा खोलीच्या दाराशी एकदाच आले. मुलीचं सांगलीकडच्या घरात जमत आलं होतं. दारात उभे राहून ते कानडीत हळू आवाजात काही बोलले. ते गेल्यावर पायगोंडा मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बेळगावच्यास्नी कळवा, माजं नाव छापू नगा म्हणावं. बाकीच्या पाच जणांची घाला."

तशीच जाहिरात निघाली. त्यात गिरणी, आगगाडी आणि लावण असे तीन नाच होते. आमच्याकडे तंबाखूची रोपं शेतात लावतात, त्या कामावर पायगोंडा मास्तरांनी स्वतः कंपनीसाठी बसवलेला नाच म्हणजे ही लावण. खडेबाजारातल्या छापणाऱ्याला ती चूक वाटली असावी. त्यानं आपल्या मनानं 'लावणी' केलं. तिकिटं हातोहात खपली.

पाच जणांपैकी कुणीच आलं नाही. राघवन रंगूनला गेला होता आणि बॉम्बहल्ल्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. कमलाचं लग्न होऊन ती कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं. एक जण मुंबईत सिनेमात होता, त्याला सवड नव्हती. उरलेल्या दोघांकडून काही कळलंच नाही. बेळगावची मंडळी कार्यक्रम रद्द करायला निघाली. पायगोंडा मास्तर म्हणाले, मी करतो. मग एकट्यासाठी काही नवं बसवा, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "मग ते माजं हुईल, मास्तर. आमचं न्हाय हुणार."

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून आम्ही बेळगावला गेलो. थिएटर भरलं होतं. पेटीला आणि ढोलकीला तिथलीच माणसं मिळाली होती. पडद्यापुढे येऊन चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी सांगितलं तेच मी बोललो. हे नाच सहा जणांचे आहेत, त्यातले पाच आज पोचू शकले नाहीत, तरी सहाही जणांचा नाच आपण बघावा. तिथेच पहिला हशा पिकला.

मी आतल्या बाजूला, पडद्याआड उभा होतो. पायगोंडा मास्तरांनी आपला वाटा तेवढाच नाचला. गिरणीच्या नाचात त्यांनी शेजाऱ्याकडे काहीतरी दिलं आणि त्यानं ते पुढे पोचवेपर्यंत थांबले. मग दुसऱ्या बाजूनं येणारं घेतलं. कुणाला तरी वाट करून देत अंग चोरलं. कुणी पडत होतं, त्याला सावरलं. मला पहाटेचं ते थांबणं आता समजलं. मागून कुणी ओरडलं, "बाई कुठं हाय?" शिट्ट्या सुरू झाल्या. आगगाडीच्या नाचात सहा जण मिळून डबा व्हायचे. हे एकटेच मधोमध हिंदकळत होते आणि लोक मांड्या थोपटून हसत होते. त्यांनी घाई केली नाही. ज्या जागा त्या पाच जणांच्या होत्या, तिथे त्यांनी एकदाही पाय टाकला नाही.

लावण सुरू झाली तोवर खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या. ढोलकीवाल्याचंही लक्ष उडालं होतं. पायगोंडा मास्तर शेतात ओळीनं वाकून चालावं तसे रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि माघारी आले. शेवटी उभे राहून त्यांनी दोन्ही बाजूंना हात लांब केले, कुणाचे तरी हात हातात असावेत तसे, आणि नमस्कारासाठी वाकले. टाळ्या चार-दोन ठिकाणी वाजल्या. तेवढ्यात मागच्या दाराशी मला आप्पा दिसले. डोक्याला रुमाल, काखेत छत्री. ते खुर्चीवर बसले नव्हते. माझी नजर पडताच ते बाहेर गेले.

आत आल्यावर पायगोंडा मास्तर घाम पुसत होते. त्यांचा चेहरा पडलेला नव्हता, दमलेला होता. ते म्हणाले, "बरं झालं, मास्तर. कुणीबी चुकलं न्हाय आज."

दुसऱ्या दिवशी परतताना मी त्यांना आप्पा आले होते म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेवटपतूर हुते?" मी हो म्हटलं. संकेश्वर मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर दोघा भावांच्या वागण्यात मला एक फरक दिसू लागला. संध्याकाळी आप्पा वखारीत येऊन बसत. पूर्वी ते आठवड्यातून एखाददा येत, आता रोज येऊ लागले. त्यांची चाहूल लागली की पायगोंडा मास्तर अंगात सदरा घालून बाहेर यायचे आणि पायरीवर बसायचे. दोघांमध्ये बोलणं व्हायचं ते पावसाचं, तंबाखूच्या भावाचं, बैलाच्या दुखऱ्या खुराचं. दिवस कलला की आप्पा छत्री उचलत. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत हे पायरीवरच बसून राहत. एकदा मी न राहवून म्हटलं, की तुम्हीच विचारा ना त्यांना, कसं वाटलं म्हणून. ते हसले. "मागून घेतलेलं कसं चालंल, मास्तर?"

पुतणीचं लग्न थाटात झालं. मांडवातून वाजंत्र्यांचा आवाज वखारीपर्यंत येत होता. मीच तिथून लवकर उठून आलो. पायगोंडा मास्तर स्वच्छ धोतर नेसून, दाढी करून खोलीत बसले होते. कुणी बोलवायला आलं तर तयार असावं म्हणून असेल. घरून गडी बुंदीचे लाडू घेऊन आला. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. त्यांनी एक लाडू मला दिला, एक स्वतः खाल्ला आणि गड्याला म्हणाले, झकास झालेत म्हणून सांग आप्पांना.

मग त्यांचा खोकला सुरू झाला. तंबाखूच्या धुळीनं असेल किंवा आधीपासूनच छातीत काही असेल. बरेच महिने त्यांनी अंगावर काढला. शेवटी आप्पांनी त्यांना मिरजेच्या इस्पितळात नेलं. रविवारी मी भेटायला जायचो. खाटेवर पडल्यापडल्या त्यांची बोटं चादरीवर हलत असत. अखेरच्या भेटीत ते ओळखीचं हसले आणि खाटेवर सरकून मला बसायला जागा केली. त्या उन्हाळ्यात ते गेले. पुढे तीन-चार महिन्यांनी देश स्वतंत्र झाला आणि शाळेतल्या पोरांचं संचलन शिट्टीवर झालं.

दिवसकार्य उरकल्यावर आप्पा खोली रिकामी करायला आले. सामान ट्रंकभरच होतं. गड्यानं ते बाहेर नेलं. आप्पा मात्र जाईनात. ते पायरीवर बसले, मलाही बसा म्हणाले. बराच वेळ छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले. मग खाली बघतच बोलले.

"मास्तर, त्यो लावणीचा नाच हुता न्हवं, शेवटचा. त्यात त्यो आमच्या आईवानी करत हुता. रोप लावलं की आई मातीला दोनदा थापटायची, ल्येकरू निजवल्यागत. दुसरी कुठली बाई तसं करत न्हवती. आणि चिखलाचा हात कपाळाला लागू नये म्हणून मनगटानं केस मागं सारायची. त्येनं तसंच क्येलं. त्यो तवा एवढासा हुता, बांधावर बसायचा. त्येच्या ध्यानात हाय, ह्ये मला ठावंच न्हवतं."

मी विचारलं, "हे त्यांना कधी बोललात का, आप्पा?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "बोलायलाच येत हुतो की रोज," ते म्हणाले. "मग पावसापाण्याचं बोलून माघारी जात हुतो."