ताप न आलेली संध्याकाळ
स्पिरिटचा वास आला की मला माझे काका आणि त्यांच्यावर रचलेल्या गोधड्या आठवतात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काकांच्या टाचेवरचा काळा डाग मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला आणि जांघेत गाठी आल्या. इंटरफेरॉन नावाचं नवं इंजेक्शन मुंबईहून थर्मासमधून रत्नागिरीला यायचं. इथे आम्ही त्यात मासळीबंदरावरचा बर्फ भरायचो, त्यामुळे औषधालाही बांगड्याचा वास! सुई टोचली की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचाच. गावच्या नाटकांत राजे रंगवणारे काका गोधडीतून गर्जायचे, "पाहुणे आले, स्वागत करा!" गाठी विरल्या, आम्ही पेढे वाटले. मग त्या पुन्हा वाढल्या, कारण रोग औषधाला सरावला होता. पण हे काकांना कुणी सांगितलं नाही, मलाही नाही. एका संध्याकाळी काका गोधडी पांघरून वाट बघत बसले, तर तापच येईना. "काय गो, आज पाहुणा कुठे अडला?" काकूनं मान वर केली नाही. काकांचा धीर सुटू नये म्हणून डॉक्टर आता नुसतं मिठाचं पाणी टोचत होते, तेही तिच्या संमतीनं. सुईत औषध नाही, हे तिच्या खाली घातलेल्या मानेनंच सांगितलं. ती आत जाताच काका म्हणाले, "औषधानं दगा दिलान, ते सोसलं. पण हिनंसुद्धा फसवलंन रे मला!" पुढच्या सुईनंतर मात्र काका वेळेवर कुडकुडू लागले, दात वाजवत ओरडले, "पाहुणे आले!" काकांना काहीच कळलं नाही असं वाटून काकूचा जीव भांड्यात पडला, ती गोधड्या आणायला धावली. मी काकांच्या कपाळाला हात लावला, तर ते थंडगार. काकांनी मला डोळा मारला. पुढे मी पुष्कळ नाटकं पाहिली, पण इतका अस्सल ताप कुणी वठवला नाही. टाळी तेवढी वाजवता आली नाही.